परदेशातल्या पॅरिशमध्ये (एका चर्चच्या हद्दीतला कॅथलिक समाज) फादर म्हणून जाताय? हे बघून घ्या

आधी कागदपत्रं. आपल्या बिशपांची लेखी परवानगी आणि तिकडच्या बिशपांशी लेखी करार हातात आल्याशिवाय बॅग भरायची नाही.

प्रवचन सुरुवातीला अख्खं लिहून काढा, शनिवारीच कुणा तिथल्या माणसाला मोठ्याने वाचून दाखवा म्हणजे उच्चार सुधारतात, आणि प्लीज आटोपशीर ठेवा, लोक चुकीचं व्याकरण चालवून घेतात, लांबण नाही.

नियमाने दिवसाला एकच मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना), पण फादर कमी असतील तर बिशप दोनची, रविवारी गरज पडली तर तीनची परवानगी देऊ शकतात, म्हणजे कधीकधी तीन चर्च आणि मधे नुसती धावपळ, तेव्हा ड्रायव्हिंग लायसन्स लवकर काढा.

बाप्तिस्मा-लग्नांचं रजिस्टर त्याच दिवशी भरा. लग्न लागलं की दोघांचा बाप्तिस्मा जिथे झाला त्या पॅरिशना कळवायचं असतं, हे हमखास राहतं!

आजाऱ्यांसाठीचं तेल, स्टोल (विधीच्या वेळी गळ्यात घालायचा पट्टा) आणि प्रार्थनेचं छोटं पुस्तक एका पिशवीत दाराशीच ठेवा, हॉस्पिटलचा फोन रात्री दोनला आला तर शोधाशोध नको.

आणि सुट्टी? कॅनन लॉप्रमाणे, म्हणजे चर्चच्या कायद्याप्रमाणे, वर्षाला एक महिना मिळते, रिट्रीटचे (प्रार्थना-चिंतनासाठी एकांतात घालवायचे) दिवस त्यात धरत नाहीत, तर बिनधास्त घ्या, फक्त आठवड्याच्या वर बाहेर जाणार असाल तर बिशपांना आधी सांगा.