बागेत दिसलेली मोठी मुंगी राणी आहे का, कसं ओळखायचं?

जूनमध्ये पहिले दोन-तीन पाऊस झाले की ओळखीतल्या कोणाचा तरी फोटो माझ्या मोबाईलवर येतोच, तुळशीच्या कुंडीपाशी नाहीतर जिन्यात एक भलीमोठी मुंगी आणि खाली प्रश्न, ही राणी आहे का गं? बऱ्याचदा मी उत्तर देईपर्यंत ती चपलेखाली गेलेली असते. मला खरंच वाईट वाटतं, कारण त्या एकटीच्या पोटात पुढचं अख्खं वारूळ असतं. म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढतेय. भिंग असेल तर उत्तम, नसेल तर मोबाईलने जवळून फोटो काढायचा आणि तो मोठा करून बघायचा, तेवढं पुरतं.

सगळ्यात आधी ती मुंगीच आहे ना हे बघा. पावसाच्या संध्याकाळी ट्यूबलाईटभोवती जे पंखवाले किडे घिरट्या घालतात आणि सकाळी ज्यांच्या पंखांचा केर भरावा लागतो, ती बहुतेक वाळवी असते. वाळवीला कंबर नसते, डोक्यापासून शेपटापर्यंत अंग सरळसोट, मिशा बारीक मणी ओवल्यासारख्या सरळ, आणि चारही पंख एकाच मापाचे. मुंगीची कंबर एकदम बारीक, मिशा कोपरात हात वाकवावा तशा वाकलेल्या, आणि पुढचे दोन पंख मागच्यांपेक्षा मोठे. एवढं बघितलं की निम्मा घोळ मिटतो.

आता मुख्य गोष्ट. मोठी दिसली म्हणजे राणी, असं धरून चालू नका. आपल्याकडचे काळे मुंगळे, ज्यांना बऱ्याच गावांत डोंगळे म्हणतात, त्यांच्या एकाच वारुळात लहान, मधले, मोठे अशा सगळ्या मापांच्या कामकरी मुंग्या असतात आणि मोठ्यांचं डोकं तर एवढं दणकट असतं की बघणाऱ्याला वाटतं हीच राणी. दोन वर्षांपूर्वी मी स्वतः असाच एक मोठ्या डोक्याचा मुंगळा डबीत ठेवून आठवडाभर अंड्यांची वाट बघितली होती. तेव्हा कळलं की डोकं नाही, पाठ बघायची.

म्हणजे डोकं आणि पोट यांच्या मधला भाग, जिथून पाय निघतात तो. कामकरी मुंगीचा हा भाग अरुंद असतो, वरून बघितलं तर डोक्यापेक्षा बारीक. राणीचा मात्र फुगीर, पाठीला गाठोडं बांधल्यासारखा, रुंदी जवळजवळ डोक्याइतकी किंवा जास्तच, आणि नीट बघितलं तर त्यावर वेगवेगळ्या तुकड्यांचे सांधे दिसतात. कारण सोपं आहे, तिला आयुष्यात एकदा का होईना उडायचं असतं आणि उडायचे स्नायू त्या गाठोड्यात असतात. कामकरी मुंगीला पंख कधी फुटतच नाहीत, त्यामुळे तिला एवढी मोठी छाती लागतच नाही. आपण "मुंगीला पंख फुटले" म्हणतो खरं, पण राणी होणारी मुंगी कोषातूनच पंख घेऊन बाहेर येते.

पाठ फुगीर दिसली की पंखांच्या खुणा शोधा. नराशी मिलन झालं की राणी जमिनीवर उतरते आणि पंख स्वतःच काढून टाकते. मी हे एकदा अंगणातल्या फरशीवर बघितलंय, मागचा पाय पंखावर टाकून ती दाबत होती, अंग तिरकं करत होती, एक पंख पडला, थोडी चालली, थांबली, मग दुसरा, आणि पाच-सहा मिनिटांत चारही पंख फरशीवर आणि ती भिंतीच्या कडेने भेग शोधत निघालेली. पंख जिथे होते तिथे दोन्ही बाजूंना बारीक तुटल्यासारखे ठिपके राहतात, कामकरी मुंगीच्या पाठीवर असं काही नसतं. त्यात डोक्यावर मधोमध त्रिकोणात तीन चकचकीत ठिपके दिसले, म्हणजे तिचे तीन साधे डोळे, तर शंकाच नको. मुंगळ्याच्या कामकऱ्यांना ते नसतात.

पंख अजून अंगावर असतील तर नर आहे का तेही तपासा. नराचं डोकं अंगाच्या मानाने इवलंसं, डोळे मोठे, अंग सडपातळ, एकूण बारीक गांधीलमाशीसारखा दिसतो. तो मिलनानंतर फार दिवस जगत नाही. राणीचं आयुष्य मात्र मोठं, युरोपातल्या काळ्या बागमुंगीची एक राणी माणसांनी पाळलेली असताना 28 वर्षांहून जास्त जगल्याची नोंद आहे.

पण सगळ्या जाती या एकाच मापात बसत नाहीत. कोकणात आंबा-काजूवर पानं शिवून घरटी करणाऱ्या तांबूस मुंग्या असतात, ओंबील म्हणतात त्यांना, त्यांची राणी चक्क हिरवट असते आणि कामकऱ्यांपेक्षा खूपच जाड, तिला बघून हा दुसराच कुठला किडा असं वाटतं. उलट घरात-कुंडीत फिरणाऱ्या, डोकं काळपट आणि पोट फिकट अशा एकदम बारीक मुंग्यांमध्ये राणी जेमतेम थोडी मोठी असते आणि एकाच घरट्यात अनेक राण्या असतात, त्यामुळे कुंडी उचलल्यावर एक शोधून थांबू नका. दिव्यावर येऊन धडपडणारा तपकिरी, जाडजूड, सॉसेजसारखा लांब पोटाचा पंखवाला किडा राणी नाही, तो जमिनीखाली राहणाऱ्या एका जातीच्या मुंगीचा नर असतो, त्यांची राणी तर आंधळी, बिनपंखांची आणि जमिनीखालीच राहणारी.

आणि एक जात अशी की तिच्यात राणी शोधत बसलात तर सापडणारच नाही. सेंटीमीटरभर लांब, काळपट करडी, अंगावर बोटाच्या ठशासारख्या बारीक रेघा, वारुळाच्या तोंडाशी बऱ्याचदा पिसं आणि वाळकी पानं रचलेली. या मुंग्यांमध्ये राणी नसतेच, कामकऱ्यांपैकीच एक अंडी घालते आणि पाठीवरच्या ज्या बारीक गुठळ्या नराशी मिलनासाठी लागतात त्या नव्याने जन्मलेल्या बाकीच्यांच्या ती कुरतडून टाकते. मला मुंग्यांमधली ही सगळ्यात चकित करणारी गोष्ट वाटते.

समजा राणीच निघाली, मग काय करायचं? पंख गळालेली, एकटी, भेगा शोधत फिरणारी असेल तर बहुतेक तिचं मिलन झालेलं असतं. पंख असलेलीचं खात्रीने सांगता येत नाही. मुलांना दाखवायचं असेल तर एका टेस्टट्यूबमध्ये तळाला थोडं पाणी, त्यावर घट्ट कापूस, मग राणी, तोंडाला पुन्हा कापूस, आणि ट्यूब अंधारात ठेवायची. मुंगळ्याची राणी असेल तर पहिल्या कामकरी मुंग्या येईपर्यंत तिला खायला घालावं लागत नाही, आता निरुपयोगी झालेले पंखांचे स्नायू आणि अंगातली चरबी यांवरच ती स्वतः जगते आणि पिल्लांनाही वाढवते. साधारण महिनाभर किंवा थोडं जास्त लागतं. रोज उघडून बघू नका, सारखी हलवली तर ती स्वतःची अंडी खाऊन टाकते.

पाळायची नसेल तर कागदावर चढवून बाहेर सोडा, ओल्या मातीत, एखाद्या दगडाच्या कडेला, शक्यतो संध्याकाळी. फक्त जिथे मुंग्यांची रांग चालू आहे तिथे नको, दुसऱ्या वारुळाच्या मुंग्या परक्या राणीला घेरून मारून टाकतात.