आजी-आजोबांना मोबाईलवर मेंदूचे खेळ देताय? या चुका टाळा

पहिली चूक ॲप उघडण्याआधीच होते, ती म्हणजे जाहिरातीवर विश्वास ठेवण्याची. रोज थोडा वेळ खेळा, म्हातारपणीचा विसराळूपणा दूर ठेवा, अशा दाव्यांना पुरेसा शास्त्रीय आधार नाही म्हणून २०१६ साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने (ग्राहकांची फसवणूक रोखणारी सरकारी संस्था) ल्युमॉसिटी या मेंदूच्या खेळांच्या ॲपच्या कंपनीला २० लाख डॉलर भरायला लावले होते.

खेळ वाया जातात असं नाही. पण ज्याचा सराव करावा, सुधारणा मुख्यतः त्यातच होते. अमेरिकेतल्या 'ॲक्टिव्ह' अभ्यासात ६५ वर्षं आणि त्यापुढच्या २,८३२ जणांचे गट पाडून स्मरण, तर्क आणि नजरेने झटपट टिपणं यांपैकी एकेकाचा सराव दिला गेला. एका गटाला काहीच दिलं नाही. दहा वर्षांनी तर्काचा आणि वेगाचा फायदा टिकलेला दिसला, स्मरणाच्या सरावाचा मात्र नाही. म्हणून आजीला नातसुनेच्या माहेरच्यांची नावं आठवत नसतील, तर रंगीत चौकोन जुळवत बसवू नका. गॅलरीतला लग्नाचा फोटो उघडा, "या कोण?" विचारा. मिनिटभराने पुन्हा विचारा, मग पाच मिनिटांनी, मग जेवण झाल्यावर. अडल्या तर ताणू नका, लगेच नाव सांगा आणि पुढच्या वेळी अंतर कमी ठेवा.

आता फोनचं. आजोबा हरतात ते बरेचदा बोटांमुळे. वयानुसार बोटांची त्वचा कोरडी होते, त्यात स्क्रीनवर जाड किंवा तडकलेली काच, त्यामुळे टच लागत नाही. मग ते जोरात आणि जास्त वेळ दाबतात. फोनला वाटतं लाँग प्रेस केलंय, भलताच मेनू उघडतो आणि ते म्हणतात, "मला काही जमत नाही बाबा." सेटिंगमधल्या ॲक्सेसिबिलिटीत जाऊन 'टच अँड होल्ड'चा वेळ वाढवा, काच बदला, अक्षर मोठं करा. जवळचा चष्मा हाताशी आहे ना, तेही बघा. सुरुवातीला घड्याळ लावलेले खेळ नकोतच.

जाहिरातींचा त्रास वेगळाच. बंद करायची फुली इतकी बारीक असते की बोट हमखास बाजूला पडतं. इंटरनेटशिवाय चालणारा खेळ असेल तर नेट बंद करून द्या, आणि प्ले स्टोअरच्या खरेदीला पासवर्ड लावून ठेवा.

"द्या इकडे, मी दाखवतो" म्हणून फोन हातातून काढून घेऊ नका. बोट त्यांचंच चालू द्या, वेळ लागला तरी. स्कोअर चारचौघांत वाचून दाखवणं तर कृपा करून टाळा, फार लागतं ते.

खेळापायी संध्याकाळचा फेरफटका किंवा कट्ट्यावरच्या गप्पा बुडत असतील तर तो तोटाच. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये डिमेन्शियाचे (स्मृतिभ्रंशाचे) टाळता किंवा कमी करता येण्याजोगे १४ धोके सांगितले. त्यांत कमी ऐकू येणं, उच्च रक्तदाब, मधुमेह, हालचाल नसणं आणि एकटेपणा आहे. कानाचं मशीन कपाटात पडलं असेल तर आधी ते बाहेर काढा.

ओळखीच्या रस्त्यावर चुकणं, गॅस वारंवार चालू राहणं, सुट्ट्या पैशांचा हिशेब न लागणं, असं दिसलं तर ॲपवर परीक्षा घेत दिवस काढू नका, डॉक्टरांकडे न्या. बी-१२ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य यांनीही विसर पडतो आणि त्यांवर उपचार आहेत. जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या स्ट्रिप्स पिशवीत घालून न्या. झोपेच्या आणि ॲलर्जीच्या काही गोळ्यांनीही विसराळूपणा वाढतो.