हे-टाइमचा सल्ला, जुलै-ऑगस्ट १९१२: गवत भरलंत, आता सळई कुठंय?

राम राम मंडळी. दरवर्षी जुलै लागला की, म्हणजे हे-टाइमला (इथली गवत कापून, वाळवून कोठारात भरायची वेळ), मी वैरणीवर काहीतरी लिहितो, यंदा जरा उलटं करतोय. मी मूळचा नगरकडचा, सोळा वर्षं झाली उत्तर इंग्लंडात यॉर्कशायरला आहे, काम दूधवाल्यांना खुराक आणि वैरणीचा सल्ला द्यायचं. इथे वेन्स्लीडेल, स्वेलडेल अशी खोरी आहेत, डेल्स म्हणतात, आणि त्यात कुरणाकुरणात एकेक दगडी कोठार उभं आहे, आता बरीचशी रिकामी. गाडीतून जाताना नेहमी वाटतं की ही कोठारं ज्यांनी भरली त्यांना आपण काय सांगितलं असतं. तर हा सल्ला त्यांनाच. साल मुद्दाम १९१२ धरलंय, कारण गेल्या उन्हाळ्यात (१९११) इंग्लंड असं तापलं होतं की गवत वाढलंच नाही, कोठारं तोकडी राहिली, त्यामुळे यंदा प्रत्येकाला काडीन् काडी आत घ्यायची घाई झालीय. आणि मी शंभर वर्षं पुढे बसलोय म्हणून मला माहितीये की येणारा ऑगस्ट कसा आहे. मध्य इंग्लंडच्या तापमानाची नोंद १६५९ पासूनची आहे, त्यातला सगळ्यात थंड ऑगस्ट हाच, सरासरी साधारण १३ अंश, आणि वरून पाऊसच पाऊस.

तर दादा, पहिली गोष्ट. जे कापायचंय ते आता जुलैत कापा. ऑगस्टात उघडीप मिळेल या भरवशावर एक वावर सुद्धा ठेवू नका.

दुसरी गोष्ट, आणि खरं सांगायचं तर मी लिहायला बसलो ते हिच्यासाठीच. गवत भरल्यावर पुढचे सहा आठवडे तुम्ही कोठारात जात नाही. हीच चूक आहे. ओलं गवत भरणं ही सुद्धा चूकच, पण ती पावसाच्या प्रदेशात सगळ्यांकडून होते, मी तिला माफ करतो. न बघण्याला माफी नाही.

का जात नाही ते पण मला कळतं. कोठार घरापासून अर्धा-पाऊण मैल वर, चढावर. खाली एका बाजूला चार-सहा गाई बांधायची दगडी फळ्यांची दावण, बाकी सगळा भाग छपरापर्यंत गवताचा, तुम्ही त्याला म्यू म्हणता. पण गाई मेपासून नोव्हेंबरपर्यंत बाहेर कुरणात, मग रिकाम्या कोठारात जायचं कशाला? हिवाळ्यात रोज दोन खेपा होतात तेव्हा गवत थंडगार असतं. गवत आतून तापून पेटायचा धोका असतो तो नेमका त्या दिवसांत जेव्हा तिकडे कुत्रं पण फिरकत नाही. माझ्या डोळ्यासमोर चारेक वर्षांपूर्वी असंच एक कोठार जळून गेलं, त्यात गठ्ठे होते म्हणा, सुटं गवत नव्हतं, पण गोष्ट तीच. मालक म्हणाला परवापर्यंत सगळं ठीक होतं. मी विचारलं, परवा आत गेला होतास का? तर नाही, रस्त्यावरून बघितलं होतं.

गवत आत का तापतं ते थोडक्यात. कापलं तरी काडी काही काळ जिवंत असते, श्वास घेते, उष्णता सोडते. मग ओलीवर बुरशी आणि जीवाणू वाढतात, ते आणखी तापवतात. सुक्या गवतात ओल शंभरात १५-२० भाग असली तर थोडं ऊबदार होऊन गार होतं. त्याच्या वर गेली की गंजी स्वतःच स्वतःला भाजायला लागते. ५०-५५ अंशाला जीव घाबरवायचं कारण नाही, रोज बघा. ६० च्या वर दिवसातून दोनदा बघा. ७० पार झालं की पुढे जीवाणू मरतात पण रासायनिक तापणं चालू राहतं आणि ते थांबत नाही. पेटायचा काळ साधारण दुसऱ्या आठवड्यापासून सहाव्यापर्यंत.

तुमच्याकडे थर्मामीटर नाही, नसू दे. एक लोखंडी सळई घ्या, सहा-सात फुटी, टोक जरा ठोकून निमुळतं केलेली. म्यूच्या मधोमध वरून तिरकी खुपसा, पाव-अर्धा तास राहू द्या, ओढा आणि टोकाकडून मुठीत धरा. धरून ठेवता आली तर घरी जा. धरवते पण नकोशी वाटते तर संध्याकाळी परत या. हात झटकन सुटला तर शेजाऱ्याला हाक मारा. हे पुस्तकी नाही, हाताचं माप आहे, पण याने कोठारं वाचलेली आहेत. वासाने पण कळतं. गोडसर तंबाखूसारखा, काकवी करपल्यासारखा वास आला की ते तापून गेलंय किंवा तापतंय. छपराच्या दगडी फरशांखाली सकाळी घाम सुटलेला दिसला तरी समजा.

आणि हात सुटला असेल तर घाईने उपसायला सुरुवात करू नका. आत धुमसत असलेल्याला हवा मिळाली की भपकन पेटतं. आधी पाण्याच्या बादल्या, ओली पोती, ओढ्यापासून माणसांची रांग, मग उपसा. वर एकट्याने चढू नका, आत जळून पोकळी झालेली असते, माणूस सरळ खाली जातो. फळी टाकून तिच्यावर उभे राहा.

आता भरण्याआधीचं. सुकलं की नाही हे बघायला एक मूठ गवत घ्या आणि दोरीसारखं पिळा, पेरापाशी ओलसर चमक दिसली तर थांबा. जाड काडी नखाने खरवडा, साल सुटून आली तर अजून ओल आहे. पाती कुरकुरीत लागतात म्हणून फसू नका, पाणी पेरात असतं. पावसाने वरून भिजलेलं गवत एक वेळ लवकर वाळतं, काडीच्या आतला रस नाही वाळत, म्हणून कालच कापलेलं हिरवट गवत हे कधीकधी भिजलेल्यापेक्षा जास्त वाईट.

बाकी हे-टाइमची कामं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहिती, नुसती यादी देतो:

- मशीनची पाती आदल्या रात्री घासून ठेवा, चढावर आणि कडेला विळाच
- कापलेल्या ओळी त्याच दिवशी विसकटा
- दुसऱ्या दिवशी उलथा, दुपारी परत
- आभाळ आलं की लहान ढीग, दोन दिवस पाऊस दिसला की मोठे
- उघडीप झाली की ढीग फोडून परत वाळवा, तसेच उचलू नका
- स्लेज (गवत ओढून न्यायची बिनचाकी घसरगाडी), दांडे, दोर तपासा
- म्यूत मुलांना तुडवायला सोडाल तेव्हा कोपरे सारखे तुडवले जातायत ना बघा

त्यात एक भर. म्यू रचताना मधोमध गवताने ठासलेलं पोतं उभं ठेवा आणि थर चढतील तसं वर ओढत न्या, म्हणजे धुराड्यासारखी पोकळी राहते आणि वाफ निघून जाते. भिंतीतल्या हवेच्या फटी चिंध्यांनी बुजवू नका. थराथरावर मीठ टाकायची पद्धत आहे, टाका, गुरं आवडीने खातात, बुरशीला थोडा आळा बसतो, पण मीठ टाकलंय म्हणून सळई नको असं कोणी म्हणत असेल तर त्याचं ऐकू नका.

घाई कशाने होते ते पण बोलू. हॉझच्या बाजारातून आयरिश गडी महिन्याच्या ठरलेल्या मजुरीवर आणलेले असतात, पाऊस पडला की ते घरात बसून खातात आणि तुमचा महिना वाया जातो, मग जरा ऊन पडलं की भरा भरा म्हणून चढवता. वर आणि रविवार. तुम्ही बहुतेक मेथडिस्ट (ख्रिश्चनांतला एक पंथ), रविवारी गवताला हात लावत नाही, मग आठवड्यातलं सगळ्यात छान ऊन रविवारी पडतं. त्यात मी पडत नाही. पण चॅपलहून येताना वाट वाकडी करून सळई ओढून बघितली तर देवाची हरकत नसावी.

बरं, पेटलं नाही, नुसतं भाजून तपकिरी झालं, मग काय बिघडलं? हाच प्रश्न मला सगळ्यात जास्त लोक विचारतात. गाई तर ते मिटक्या मारत खातात, गोडसर असतं ना. पण त्यातलं प्रोटीन भाजून असं बांधलं जातं की पोटात सुटतच नाही, आणि साखर जळून गेलेली असते. गाय पोटभर खाते आणि उपाशी राहते. माझा अंदाज, एका शॉर्टहॉर्न गाईला नोव्हेंबर ते मे दिवसाला ९-१० किलो धरा, म्हणजे हिवाळ्याला पावणेदोन-दोन टन, आणि तुमच्या डोंगरी कुरणात एकरी टन-सव्वा टनच निघतं. त्यातलं निम्मं असं भाजलेलं असेल तर फेब्रुवारीत दूध तुटतं.

दूध नुसतं तुटत नाही, पातळ होतं. १९०१ च्या नियमाने दुधात फॅट ३ आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग) ८.५ टक्के पाहिजे, त्याच्या खाली गेलं की पाणी घातलंय किंवा काही काढून घेतलंय असं धरलं जातं आणि तसं नाही केलं हे सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर. (आपल्याकडच्या मंडळींना हे ८.५ ओळखीचं वाटेल, डेअरीच्या काट्यावर रोज ऐकतो तेच.) उपाशी गाईचं एसएनएफ उतरतं. म्हणजे जुलैतल्या ओल्या गवताने तुम्ही मार्चमध्ये लीड्सच्या स्टेशनावर चोर ठरू शकता.

आणि मग येतो पेंडवाला. दूध तुटलेल्या शेतकऱ्याच्या दारात तो बरोबर वेळेवर येतो, उधारी देतो, गोड बोलतो. त्याची पेंड कुठून येते माहितीये? हल बंदरातल्या घाण्यांतून. आणि हलला सरकी येते ती इजिप्तची आणि मुंबईची. बाजारभावाच्या यादीत बॉम्बे कॉटन केक असा वेगळा रकाना असतो, इजिप्तच्या पेंडेपेक्षा स्वस्त, कारण आपल्या सरकीला तंतू जास्त चिकटलेला. मुंबईहून निघालेली सरकी म्हणजे त्यात वऱ्हाड-खानदेशचा माल असणारच. वेन्स्लीडेलच्या गोठ्यात आपल्या वऱ्हाडाची सरकी, मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा गंमत वाटली होती.

पण सल्ला असा की सुक्या गवतावर ही पेंड जपून. सरकी पेंड आवळते, ती हिरव्या कुरणावर गाई पातळ शेण टाकत असतील तेव्हा कामाची. हिवाळ्यात जवस पेंड बरी, पोट मोकळं ठेवते. सरकी दिवसाला दीड-दोन किलोच्या वर नको आणि वासरांना तर चिमूटभर पण नको. पेंड घेताना पावतीवर तेल किती आणि प्रोटीन किती ते लिहून घ्या, १९०६ च्या कायद्याने ते लिहून द्यावंच लागतं. देत नसेल तर घेऊ नका. तुकडा फोडून गरम पाण्यात भिजवा, तळाशी वाळू बसते का, काळी टरफलं दिसतात का बघा, एरंडीचं बी मिसळलेल्या पेंडेने गुरं मेल्याच्या तक्रारी आहेत. रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीचे केमिस्ट व्होल्कर, पेंडी तपासणं हे त्यांचं कामच (हेच व्होल्कर आपल्याकडे येऊन फिरले होते, भारताच्या शेतीवरचा त्यांचा अहवाल १८९३ चा). सोसायटीचे मेंबर असाल तर नमुना पाठवा.

खर्च करायचाच तर कुरणावर करा. नॉर्थंबरलँडात कॉकल पार्क नावाच्या प्रयोगाच्या शेतावर १८९६ पासून प्रयोग चालू आहेत, आधी प्राध्यापक सॉमरव्हिल बघायचे, आता गिल्ख्रिस्ट. पोलादाच्या भट्टीतली मळी दळून, बेसिक स्लॅग, एकरी १० हंड्रेडवेट म्हणजे साधारण ५०० किलो. पांढरा क्लोव्हर (गवतात उगवणारा द्विदल चारा) आपोआप वर येतो. मिडल्सब्रोच्या भट्ट्यांचा टाकाऊ माल आहे हा, म्हणून खताचा एजंट याबद्दल बोलणार नाही, तो तुम्हाला रंगीत पोत्यातलं स्पेशल मेडो खत दाखवेल. स्लॅग हिवाळ्यात टाका, आणि सगळ्या वावरांवर नको, आधी एका कोपऱ्यात टाकून वर्षभर बघा.

यंदापुरतं आणखी:

- जूनमध्ये डब्लिनजवळ लाळ्या-खुरकूत निघालीय, आयर्लंडची गुरं आणायला बंदी आहे. कुठून आलं माहिती नसलेलं जनावर बाजारातून घेऊ नका
- खोकणारी, वाळत चाललेली, सडाजवळ घट्ट गाठ असलेली गाय वेगळी बांधा, तिचं दूध कोणालाच नको. क्षयाच्या रॉयल कमिशनने गेल्या वर्षीच सांगितलंय की गाईचा क्षय दुधातून मुलांना होतो
- कॅन उकळत्या पाण्याने, संध्याकाळचं दूध झऱ्याच्या पाण्यात उभं
- गाई आत घ्यायच्या आधी दावण चुन्याने

आणि एक तुमच्या छातीबद्दल. भाजून बुरशी आलेलं गवत हिवाळ्यात म्यूतून फावड्याने कापताना पांढरी धूळ उडते. संध्याकाळी थंडी वाजते, ताप, दम लागतो, दुसऱ्या दिवशी बरं वाटतं, मग परत. तुम्ही सर्दी म्हणता. याच्यावर कॅम्पबेल नावाचे डॉक्टर १९३२ ला लिहिणार आहेत, वेस्टमोरलँडचे शेतकरी बघून, तेही एका ओल्या उन्हाळ्यानंतरच. तोवर वीस वर्षं आहेत, म्हणून आत्ताच सांगतो, असं गवत बाहेर नेऊन वाऱ्याला पाठ करून झटका, तोंडाला ओला रुमाल बांधा, आणि मुलांना त्या कामाला लावू नका.

सळई घरी आणू नका. घरी आणली की कुंपणाला लागते आणि हरवते. दाराच्या आत डाव्या हाताला खिळा मारून तिथेच टांगा, आणि ज्या दिवशी शेवटची स्लेज आत गेली ती तारीख खडूने दारावर लिहा, खाली बेचाळीस रेघा मारायला जागा ठेवा.