काटा वर चढला की

माझ्या उजव्या मनगटावर रुपयाएवढा पांढरट डाग आहे. गाडी तापली तेव्हा घाईघाईने रेडिएटरचं झाकण फिरवलं, त्याची ही खूण. आतलं पाणी शंभर अंशांच्या वर गेलेलं असूनही उकळत नसतं, कारण झाकणाने साधारण 1 बार दाब धरून ठेवलेला असतो. झाकण जरा सैल झालं की दाब सुटतो आणि ते पाणी त्याच क्षणी उकळून अंगावर येतं. म्हणून इंजिन बंद करून निदान तासभर गाडीकडे फिरकू नका. नंतर जाड फडकं धरून वरचा होज पाइप दाबून बघा. तो टणक लागला तर आणखी थांबा.

हे झाकण उघडण्याचं झालं. रस्त्यात तापमानाचा काटा चढायला लागला तर एसी बंद करा आणि हीटर पूर्ण गरमवर, पंखा जोरात सोडा. तोही एक छोटा रेडिएटरच असतो, इंजिनची थोडी उष्णता गाडीत खेचून घेतो. घामाघूम व्हाल, पण बाजूला घेईपर्यंत वेळ मिळतो. वाफ दिसली किंवा काटा लालमध्ये शिरला तर मात्र सुरक्षित जागा मिळताच इंजिन बंद. आणि चढलेला काटा अचानक खाली आला म्हणून सुटकेचा श्वास टाकू नका. बरेचदा कूलंट (इंजिन थंड ठेवणारं रेडिएटरमधलं द्रव) इतकं उतरलेलं असतं की सेन्सर कोरडा पडून काहीबाही दाखवतो. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतणंही नको, इंजिनच्या हेडला (वरच्या भागाला) तडा जाऊ शकतो.

आता घरी. पाना हातात घेण्याआधी एवढं आठवा: गाडी उभी असताना तापते की पळताना? सिग्नलला तापते आणि वेग घेतला की शांत होते, तर संशय पंख्यावर. मोकळ्या रस्त्यावर किंवा चढाला तापते, तर कूलंट कमी आहे, नीट फिरत नाही किंवा रेडिएटर आतून चोंदलाय. मी हा प्रश्न स्वतःला विचारलाच नव्हता. चढाला गाडी तापायची म्हणून आधी थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर कूलंटची वाट उघडणारी झडप) बदलला, मग कूलंट, मग एका मेकॅनिकच्या सांगण्यावरून वॉटर पंपही. गाडी तापतच राहिली. सकाळी बघावं तर बाजूची कूलंटची बाटली काठोकाठ आणि रेडिएटर मात्र बोटभर रिकामा. इंजिन गार होताना बाटलीतलं कूलंट परत रेडिएटरमध्ये ओढलं जायला हवं, ते जात नव्हतं. शेवटी झाकण उलटं करून उजेडात धरलं. खालच्या रबरी वायसरला नखाएवढी चीर होती आणि मधली छोटी झडप गंजून चिकटली होती. सगळ्यांत स्वस्त भाग मी सगळ्यांत शेवटी तपासला. तुम्ही तिथून सुरुवात करा. नवं झाकण घेताना जुन्यावर छापलेला दाबाचा आकडा जुळवा. बऱ्याच नव्या गाड्यांत रेडिएटरला झाकणच नसतं, दाब बाटलीच्या झाकणावर असतो. तिथेही नियम तोच.

कूलंट इंजिन पूर्ण गार असताना, बाटलीवरच्या दोन रेघांमध्ये असावं. वारंवार उतरत असेल तर रात्री गाडीखाली पुठ्ठा अंथरा. सकाळचा रंगीत डाग गळतीची साधारण जागा दाखवतो. होजच्या क्लिपांभोवती पांढरी पापडी, वॉटर पंपाखाली ओघळ, किंवा पुढच्या सीटसमोरचं कार्पेट ओलं आणि आत गोडसर वास (हा हीटरच्या आतल्या रेडिएटरचा) हेही बघा. सांडलेलं लगेच पुसा. ते चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात.

पंख्याची परीक्षा सोपी. गाडी सुरू करून एसी लावा, बहुतेक गाड्यांत रेडिएटरचा पंखा थोड्याच वेळात फिरू लागतो. नाहीच फिरला तर आधी फ्यूज, मग त्याच जातीचा शेजारचा रिले (पंख्याला करंट सोडणारा छोटा विजेचा स्विच) काढून तिथे लावून बघा. तरी नाही, तर बॅटरीवरून फ्यूज असलेल्या वायरने पंख्याला थेट करंट द्या. फिरला तर मोटर ठीक, दोष सेन्सरचा किंवा वायरिंगचा. पंख्याजवळ हात घालण्यापूर्वी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढाच, कारण चावी बंद असतानाही तो आपणहून सुरू होऊ शकतो. एसीची जाळी आणि रेडिएटर यांच्या फटीतही डोकावा. माझ्या गाडीत तिथे कापसासारखा थर होता. पाणी इंजिनच्या बाजूने बाहेर, हलक्या धारेने मारा, जोराच्या धारेने पत्र्या वाकतात.

थर्मोस्टॅटवर संशय असेल तर काढून एका जुन्या पातेल्यात दोऱ्याने लटकवा, तळाला टेकू देऊ नका. त्यावर बहुधा 82 किंवा 88 असा अंश सेल्सिअसचा आकडा असतो. पाणी साधारण तेवढं तापलं की झडप हळूहळू उघडताना दिसते. बघायला मजा येते. उकळत्या पाण्यातही मिटलेलाच राहिला तर फेका, आणि ते पातेलं परत स्वयंपाकाला नको. थर्मोस्टॅट न बसवताच गाडी पळवायचा सल्ला कुणी दिला तर मानू नका. इंजिन थंडच राहतं आणि पेट्रोल जास्त पितं.

नवं कूलंट सहसा डिस्टिल्ड पाण्यात निम्मं-निम्मं घालतात, तयार मिसळलेलं असेल तर तसंच. भरल्यावर आत हवा अडकते आणि गाडी पुन्हा तापते. गाडीचं नाक जरा उंचावर ठेवा, हीटर गरमवर, झाकण काढूनच थंड इंजिन सुरू करा आणि तोंड लांब ठेवा. बुडबुडे थांबून पंखा एकदा फिरेपर्यंत थोडं थोडं भरत राहा. एकाएकी उसळलं तर इंजिन बंद.

बुडबुडे थांबतच नसतील, गरम झाल्यावरही मागून दाट पांढरा धूर येत असेल, ऑइलच्या दांडीवर दुधाळ चिकटा असेल, तर बहुधा हेड गॅस्केट (हेडखालची सील) गेलंय. तिथे घरचे प्रयोग संपले. गाडी सुरू न करता टो करून न्या.

बाकी काहीही दुरुस्त केलं असलं तरी बाटलीवर मार्करने पातळीची रेघ मारा आणि आठवडाभर सकाळी, चावी लावण्याआधी बघा. माझी रेघ तिसऱ्या दिवशी केसभर उतरली, उरलेली हवा निघाली होती. तेवढं भरलं. त्यानंतर ती हललेली नाही.