यूपीएसची मागची बाजू: जोडणी आणि सेटिंग

नवा यूपीएस (वीज गेल्यावर बॅटरीवर उपकरणं चालू ठेवणारं यंत्र) आला की आधी बॅटरीची वायर बघा. बऱ्याच मॉडेलमध्ये ती कारखान्यातून सुटीच येते. ती जोडून यूपीएस अर्थिंग असलेल्या भिंतीच्या सॉकेटमध्ये लावा. एक्स्टेन्शन बोर्डावर नको. पहिल्यांदा पुस्तिकेत दिलेले तास पूर्ण चार्ज होऊ द्या.

मागे सॉकेटचे दोन गट असू शकतात. एकाला बॅटरीचा आधार असतो, दुसऱ्याला फक्त सर्जपासून, म्हणजे विजेचा दाब अचानक वाढण्यापासून, संरक्षण. संगणक, मॉनिटर, राउटर पहिल्या गटात लावा. लेझर प्रिंटर तिथे अजिबात लावू नका: आतला हीटर तापताना एकदम इतका करंट ओढतो की यूपीएस ओव्हरलोड होतो. लोड, म्हणजे जोडलेल्या उपकरणांचा एकूण भार, मोजायचा तो वॅटमध्ये. ६०० व्हीए (व्होल्ट-अँपिअर) लिहिलेला यूपीएस अनेकदा ३६० वॅटच देतो.

ब्रेकरचं (ओव्हरलोड झाल्यावर वीज तोडणाऱ्या स्विचचं) छोटं काळं बटण बाहेर आलंय? आधी एखादं उपकरण काढा, मगच ते आत दाबा.

संगणकाला जोडायचा डेटा पोर्ट कधीकधी हुबेहूब नेटवर्कच्या पोर्टसारखा दिसतो. त्यात सोबत आलेलीच केबल लावा, साध्या केबलने काही यूपीएस बंद पडतात.

जनरेटरवर यूपीएस सारखा बॅटरीवर जात असेल, तर सेटिंगमध्ये सेन्सिटिव्हिटी कमी करा, म्हणजे विजेतल्या छोट्या चढउतारांना तो लगेच बॅटरीवर जाणार नाही.