खाऱ्या वाऱ्यात गंजलेली पद्मिनी अंगणात कशी उभी करायची

किनाऱ्यावर पद्मिनीसारख्या जुन्या गाडीचं काम करायचं तर एकच नियम पक्का धरा: सकाळी जेवढा पत्रा उघडा केलात तेवढा संध्याकाळच्या आत प्राइमरखाली, म्हणजे रंगाआधीच्या थराखाली, गेला पाहिजे. घाटावर कोणी तासलेला पत्रा चार दिवस तसाच ठेवला तरी कधीकधी निभावून जातं, आपल्याकडे कोकणात गुहागर असो नाहीतर वेंगुर्ला, दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यावर नारिंगी झाक आलेली असते. कारण हवेतलं मीठ. ते पत्र्यावर बसतं, हवेतला ओलावा ओढून घेतं आणि पाऊस नसतानाही पत्रा कायम किंचित दमट राहतो. म्हणून शनिवार-रविवारी काम करणाऱ्याने अख्खी गाडी तासायला घेऊच नये, एका रविवारी एक दरवाजा किंवा एक मडगार्ड, बास.

मी पद्मिनीबद्दल लिहितोय कारण आपल्या गावागावात तीच उभी सापडते, काकांनी मुंबईहून आणलेली, मग कोणी चालवली नाही आणि माडाखाली राहिली. १९६४ ला कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० म्हणून सुरू झालेली ही गाडी, १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी, आणि २००० च्या आसपास बंद. १०८९ सीसीचं इंजिन इतकं साधं आहे की थोडं शिकून घरी खोलता येतं. पण एक गोष्ट नीट समजून घ्या, हिला जीपसारखी वेगळी चासी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, नाहीये, फ्लोअर आणि दरवाज्याखालचा पेटीसारखा पत्रा, ज्याला सिल म्हणतात, तोच गाडीचा भार पेलतो. त्यामुळे बॉनेट कितीही गंजलेलं असलं तरी घाबरू नका, सिल आणि स्प्रिंग जिथे बसतात ती जागा आधी बघा. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा, टणटण आवाज आला तर पत्रा आहे, भद्द आवाज आला तर आत पापुद्रे झालेत. सोबत लोहचुंबक ठेवा, जिथे चिकटत नाही तिथे कोणीतरी जाड लांबी (पुट्टी) भरून भोक झाकलंय. मॅट उचलून ड्रायव्हरच्या पायाखाली, बॅटरीचा ट्रे, डिकीत स्टेपनीची जागा, दरवाज्यांची खालची कड आणि काचेच्या रबर बीडिंगच्या खाली बघायला विसरू नका, बीडिंगखालचा गंज बाहेरून दिसतच नाही.

वर्षानुवर्षं गवतात उभी असलेली गाडी असेल तर खाली हात घालण्याआधी काठीने आजूबाजूचं गवत हलवा, टॉर्च मारा, जाड बूट आणि हातमोजे घाला. आपल्याकडे फुरसं, हा विषारी साप, असतं आणि ते अशाच कोरड्या सावलीत बसतं. बॉनेटखाली आणि दरवाज्यांच्या पोकळीत गांधीलमाशांची पोळी असतात ती पण बघून घ्या.

आता जागा. माडाखाली नको, नारळ पडून छप्पर बसतं. समुद्राची वाळू पसरून त्यावर तर अजिबात नको, तिच्यात मीठ असतं. खाली जाड प्लास्टिक अंथरा आणि त्यावर खडी टाका म्हणजे जमिनीतला ओलावा वर येणार नाही. वर बांबूचा किंवा पोफळीच्या वाशांचा मांडव घालून ताडपत्री ओढा, पश्चिमेकडची बाजू खालपर्यंत बंद, पूर्वेकडची उघडी. ताडपत्री गाडीला चिकटता कामा नये, मध्ये हात-दीड हात मोकळी हवा पाहिजे. प्लास्टिकचं कव्हर गाडीवर घट्ट बांधून ठेवणारे खूप लोक बघितलेत, त्याने आतल्या आत घाम सुटतो आणि गाडी उघड्यावर गंजली नसती तेवढी झाकून गंजते.

गाडी उचलून ठेवायला जांभ्याचे चिरे वापरू नका. घराशेजारी चिरे पडलेले असतात, हात पटकन तिकडे जातो, पण साधारण ९०० किलोची गाडी, भार एका टोकावर आला की चिरा सांगून फुटत नाही. लोखंडी जॅक स्टँड घ्या आणि प्रत्येक स्टँडखाली जाड फळी ठेवा, नाहीतर पाय जमिनीत रुततात. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीच झोपायचं नाही.

वेळापत्रक पण आपल्या ऋतूंवरच बसवावं लागतं. पत्रा, वेल्डिंग, रंग हे सगळं दिवाळीनंतर ते मे च्या पहिल्या आठवड्यापर्यंत. आगोट, म्हणजे पावसाआधीची तयारी, सुरू झाली की पत्र्याचं नवीन काम काढायचं नाही, उघडी जागा दिसेल ती प्राइमर मारून बंद करायची आणि मिरगाच्या आधी मांडवाच्या दोऱ्या तपासायच्या. पावसाळ्यात पडवीत बसून कार्बोरेटर, डायनामो, स्टार्टर, दरवाज्याची कुलपं, सीटच्या स्प्रिंगा असली कामं. पार्ट हवे असतील तर कुर्ल्याच्या सीएसटी रोडला आणि चोरबाजारात अजून बरंच मिळतं, यादी करून ठेवा आणि गणपतीला येणाऱ्या चाकरमान्यांपैकी कोणाला तरी आणायला सांगा.

पहिलं खरं काम म्हणजे धुणं. गंज तासण्याआधी मीठ काढावं लागतं, नाहीतर तेच मीठ ब्रशने खड्ड्यांत अजून दाबलं जातं. पाणी गोडंच हवं, किनाऱ्याजवळच्या विहिरी एप्रिल-मे मध्ये मचूळ होतात, त्या पाण्याने गाडी धुतली तर आपणच परत मीठ लावतोय. पागोळ्यांचं पाणी ड्रममध्ये साठवलेलं असेल तर उत्तम. चाकांच्या कमानी, खालची बाजू, दरवाज्यांच्या आत, सगळीकडे पाईपने भरपूर पाणी मारा आणि कडक उन्हात वाळू द्या.

बोल्ट सुटत नसेल तर जोर लावू नका. डिझेल आणि गिअर ऑइल अर्धं-अर्धं करून आदल्या रात्री सोडा, सकाळी आधी किंचित घट्ट करायच्या दिशेने फिरवा मग सैल करा. आणि काढलेला प्रत्येक नट-बोल्ट पिशवीत घालून वर मार्करने नाव लिहा, मोबाईलवर फोटो काढा, कारण सुट्टीच्या दिवशीच काम करणाऱ्याला तोच भाग परत लावायची वेळ येईस्तोवर वर्षसुद्धा जाऊ शकतं.

तासायला ग्राइंडरला वायर कप किंवा फ्लॅप डिस्क. गॉगल आणि चांगला मास्क घालाच, जुन्या रंगात शिसं असू शकतं आणि वायर कपच्या तारा सुटून उडतात. जवळ पेंढा, सुकी चुडतं ठेवू नका, ठिणगी उडते. पत्रा चकचकीत झाला तरी बारीक खड्ड्यांत काळे ठिपके राहतात, त्यात मीठ असतं. तो पत्रा तासाभराने नीट बघा, ठिपके ओलसर, घामेजलेले दिसले तर परत गोड पाण्याने ब्रश मारून धुवा, उन्हात किंवा हॉट एअर गनने पूर्ण सुकवा आणि मग फॉस्फोरिक अॅसिडवालं रस्ट कन्व्हर्टर लावा, ते उरलेल्या गंजाचं काळं फॉस्फेट करतं. मात्र त्यावर कुठला प्राइमर चालतो ते डब्यावर वाचा, काही एपॉक्सी प्राइमर त्याच्यावर नीट धरत नाहीत. बाथरूम धुवायचं अॅसिड मात्र लांब ठेवा. गंज झटकन जातो म्हणून लोक वापरतात, पण ते हायड्रोक्लोरिक, म्हणजे ज्या क्लोराइडशी आपण भांडतोय तेच परत पत्र्यात घालणं झालं.

छोट्या पार्टसाठी किराणा दुकानातलं लिंबूसत्व छान चालतं, लिटरभर पाण्यात ५० ते १०० ग्रॅम, रात्रभर बुडवून सकाळी ब्रश मारा, सोड्याच्या पाण्याने धुवा आणि लगेच तेल लावा. स्प्रिंगा त्यात टाकू नका, अॅसिडने कडक स्टील ठिसूळ होतं. ब्रॅकेट, बिजागऱ्या असल्या जाड वस्तूंना बॅटरी चार्जरची युक्ती: प्लास्टिकच्या बादलीत लिटरला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा, १२ व्होल्ट चार्जरची निगेटिव्ह वायर पार्टला, पॉझिटिव्ह एखाद्या साध्या सळीला, आणि दोघांनी एकमेकांना शिवायचं नाही. स्टेनलेस स्टील लावू नका, विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं, आणि मीठ टाकू नका, क्लोरीन निघतो. बुडबुडे हायड्रोजनचे असतात म्हणून उघड्यावरच करा, जवळ विडी-काडी नको, आणि पाण्यात हात घालायच्या आधी चार्जर बंद.

भोकं पडलेल्या पत्र्याचं काय? आपल्याकडे फायबरच्या होड्या दुरुस्त करणारे सगळीकडे आहेत, रेझीन आणि मॅट बंदरावर सहज मिळतं, त्यामुळे फ्लोअरला फायबर मारून टाक असं कोणीतरी नक्की सांगतं. ऐकू नका. वरून गुळगुळीत दिसतं, खाली गंज चालूच राहतो आणि भार पेलणाऱ्या जागी फायबर म्हणजे धोका. कोणी ट्रॉलरसारखे झिंकचे ठोकळे लावायला सांगेल, ते फक्त पाण्यात बुडालेल्या लोखंडाला वाचवतात, अंगणातल्या गाडीला उपयोग नाही. गंजलेला भाग चांगला पत्रा लागेपर्यंत कापून काढायचा आणि १ मिमीच्या आसपासचा सीआर (साधा, झिंक नसलेला) पत्रा वेल्ड करायचा, जीआय (झिंकचा मुलामा दिलेला) पत्रा नको, जळताना झिंकचा धूर बाधतो. सिल कापण्याआधी दरवाज्याच्या चौकटीत आडवा अँगल टाके मारून पक्का करा, नाहीतर गाडी मधोमध बसते आणि नंतर दरवाजा लागत नाही. वेल्डिंग स्वतः येत नसेल तर तासून, कापून, तुकडा बसवून ठेवा आणि वेल्डरला एक दिवस बोलवा, पैसे वाचतात. गॅसवालं मिग वेल्डिंग मशीन असेल तर वाऱ्याने गॅस उडतो आणि जोड जाळीदार होतो, त्यामुळे वाऱ्याच्या बाजूला आडोसा पाहिजे. टाका एका टोकाला, मग दुसऱ्या टोकाला, सलग ओढत नेलं की पत्रा वाकतो. पेट्रोलची टाकी आधीच काढून लांब ठेवा, आणि टाकीला वेल्डिंग कधीच नाही, रिकामी असली तरी.

रंगाची वेळ हा या सगळ्यातला माझा सगळ्यात आवडता भाग. हिवाळ्यात पहाटे मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, त्यात मीठ कमी, पण पत्र्यावर दहिवर पडलेलं असतं. ऊन वर आलं की दहिवर सुकतं, आणि उन्हं तापली की खारा वारा सुरू होतो. या दोघांच्या मधले साधारण नऊ ते अकरा हे दोन तास तुमचे. खात्री करायची असेल तर ओल्या फडक्याने पत्र्यावर एक पट्टा पुसा, दहा-पंधरा मिनिटांत पूर्ण सुकला तर रंग मारा, नाही सुकला तर थांबा. म्हणजे तासणं आदल्या दिवशी करून चालणार नाही, पहाटे उजाडताच तासायला घ्या, नऊपर्यंत थिनरने पुसून तयार. म्हणूनच एकच दरवाजा.

उघड्या पत्र्यावर दोन भागांचा एपॉक्सी प्राइमर, साधा रेडऑक्साइड एकटा पुरत नाही, त्यातून ओलावा आत जातो. मिरकरवाडा, हर्णे, मालवण असल्या बंदरांजवळ होड्यांचा रंग विकणारी दुकानं असतात, तिथे विचारा. लांबी एपॉक्सीच्या वर भरायची, नुसत्या पत्र्यावर नाही, लांबी पाणी शोषते. शेवटचा हात मात्र बूथ (रंगाची बंद खोली) असलेल्या पेंटरकडे द्या, अंगणात धूळ बसते आणि त्या रंगांची वाफ साध्या मास्कने अडत नाही.

रंग झाला की दरवाजे आणि सिलच्या पोकळीत कॅव्हिटी वॅक्स मारा, लांब नळी घालून, कानाकोपऱ्यात. हे न करणाऱ्याची गाडी आतून परत गंजायला लागते. दरवाज्याच्या तळाची पाणी जायची भोकं तारेने मोकळी ठेवा.

इंजिन जाम असेल तर प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं डिझेल-ऑइल सोडा, काही दिवस मुरू द्या, मग क्रँकच्या पुलीला पाना लावून हळूहळू दोन्ही बाजूंना हलवा, स्टार्टर मारू नका. ब्रेकचे व्हील सिलिंडर, रबरं आणि होज सगळं नवीनच टाका, यात काटकसर नाही. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं, आपल्या हवेत वर्षाला बदललेलं बरं.

चासी नंबर आणि इंजिन नंबरच्या जागी ग्राइंडर लावायचा नाही, तिथे हातानेच साफ करा आणि पातळ प्राइमर, आरटीओत पेन्सिलने ठसा घ्यावा लागतो. १५ वर्षांनंतर आरसी (गाडीचं नोंदणीपत्र) ५-५ वर्षांसाठी रिन्यू होते, त्यामुळे ती कधी संपली ते काम सुरू करायच्या आधीच बघा. गाडी ५० वर्षांवरची असेल तर २०२१ च्या नियमाने व्हीए सिरीजचा व्हिंटेज नंबर मिळू शकतो, पण मग ती रोजच्या वापराला चालत नाही, प्रदर्शन, रॅली असल्या कामांनाच. बाजारात मासे आणायला नेण्याएवढी वापरायची असेल तर साधंच रिन्यूअल करा.