जर्मनीच्या जुन्या सीमेवरून सायकलने जाताना या चुका टाळा

पूर्व आणि पश्चिम जर्मनीमधली सीमा १९८९मध्ये उघडली आणि पुढच्याच वर्षी देश एक झाला. तरीही बाल्टिक समुद्राकाठच्या ट्रावेम्युंडपासून होफजवळच्या चेक सीमेपर्यंत जवळजवळ १,४०० किलोमीटरची ती रेघ जमिनीवर आजही ओळखता येते. तिच्या कडेकडेने सायकलने जाता येतं. युरोपभर जाणाऱ्या युरोवेलो १३ या सायकलमार्गाचा हा एक भाग. जर्मनीत राहणारे आणि त्यांच्याकडे सुट्टीला येणारे बरेच मराठी सायकलस्वार याबद्दल विचारतात, म्हणून हे सविस्तर.

बहुतेक अडचणींचं मूळ एकच असतं. जर्मनी म्हटलं की आपण गुळगुळीत रस्ते धरून चालतो आणि पुणे-गोवा ज्या सायकलवर केलं तीच इथेही चालेल असं समजतो. पण सीमेलगतची ही वाट सायकलसाठी केलेलीच नव्हती. पूर्व जर्मनीच्या सीमारक्षकांच्या गाड्या कुंपणाच्या आतून गस्त घालत, त्यांच्यासाठी ती होती. तिला कोलोनेनवेग म्हणतात. काँक्रीटच्या फरश्यांचे दोन समांतर पट्टे आणि मधे गवत. फरश्यांना ओळीने चौकोनी भोकं आहेत. इतक्या वर्षांत काही फरश्या खचल्या, काहींच्या कडा वर आल्या आणि भोकांमधून उगवलेल्या गवताने भोकंच झाकली गेली. २५ किंवा २८ मिलिमीटरचं टायर त्यात अडकतं, चाक दणके खातं आणि रिमलाही मार बसतो.

त्यामुळे टायर किमान ४५ मिलिमीटरचं हवं, ५० असेल तर फारच छान. हवा कडक भरू नका, पण फार कमीही ठेवू नका. पंक्चर झालं तर ट्यूब नीट बघा. शेजारीशेजारी दोन चिरा दिसल्या तर कडेवर आपटून ट्यूब रिममध्ये चिमटली आहे, म्हणजे हवा कमी होती. एकच बारीक छिद्र असेल तर नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोटं फिरवून काटा शोधा, नाहीतर पुढच्या गावाआधी पुन्हा तेच.

या वाटेवर खरा त्रास मात्र कॅरिअरचे बोल्ट देतात. सततच्या थरथरीने ते हळूहळू सैल होतात, सामानाच्या वजनाखाली एखादा निघून पडतो आणि कॅरिअर चाकावर कलंडतं. मागून नवा खडखडाट ऐकू आला की लगेच थांबा. रोज संध्याकाळी अ‍ॅलन की घेऊन सगळे बोल्ट एकदा आवळा आणि त्याच मापाचे चार जादा बोल्ट जवळ ठेवा. हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर व्हायला लागलं तर हँडल किंचित वर घ्या आणि पकड वारंवार बदला. दुर्लक्ष केलंत तर बधिरपणा प्रवास संपल्यावरही राहू शकतो.

दुसरी मोठी चूक म्हणजे रेघ सोडायचीच नाही हा हट्ट. सीमा डोंगर बघून आखलेली नव्हती आणि गस्तीच्या वाटेलाही आपल्या घाटासारखी वळणं नाहीत. ती चढावर सरळ उभी चढते. हार्त्स आणि ऱ्यॉनच्या डोंगरांत सामानासकट सायकल ढकलावी लागते आणि ओल्या फरश्यांवर उतार तर धोक्याचाच. सरसकट कोलोनेनवेगने जाण्यात काही मोठेपणा नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याचे निवडक तुकडे घ्या, बाकी वेळ शेजारच्या गावरस्त्याने जा. एल्बे नदीकाठी मात्र बांधावरून निवांत जाता येतं. तिथे पाणी फार उतरलं किंवा चढलं की नदी ओलांडणारी फेरीबोट बंद होते, म्हणून दोन्ही काठांचा रस्ता नकाशात भरून ठेवा.

खाण्यापिण्याचा अंदाजही चुकतो. पूर्व जर्मनीच्या बाजूला सीमेलगतचा सुमारे ५ किलोमीटरचा पट्टा प्रतिबंधित होता, परवान्याशिवाय तिथे पाऊल ठेवता येत नसे. अनेक कुटुंबांना घरं सोडायला लावली, काही गावं तर पाडून टाकली. थुरिंगियातलं बिलमुटहाउझेन १९७८पर्यंत जमीनदोस्त झालं, मागे उरली ती मुख्यतः दफनभूमी. त्या बाजूला आजही वस्ती विरळ आहे आणि दुकानं लांब लांब आहेत. त्यात रविवारी जर्मनीतली जवळजवळ सगळी दुकानं बंद. शनिवारी दुपारीच दोन दिवसांचं सामान घ्या, शाकाहारी असाल तर विशेष. जवळ रोख पैसे असू द्या. पाणी संपलं तर गावच्या दफनभूमीत झाडांसाठी नळ असतो, पण ‘काइन ट्रिंकवासर’ (पिण्याचं पाणी नाही) अशी पाटी असेल तर ते पिऊ नका.

वाट सोडून झाडीत शिरू नका. हा पट्टा आता ‘ग्र्यूनेस बांड’ म्हणजे हरित पट्टा म्हणून जपला जातो, तिथे पक्ष्यांची घरटी असतात. इथे एकेकाळी सुरुंगही पेरलेले होते. पूर्व जर्मनीने ते १९८०च्या दशकातच काढले आणि सीमा उघडल्यावर पुन्हा शोध घेतला गेला, तरी प्रत्येक सुरुंगाचा हिशेब लागलेला नाही. गवतात गोचिडीही असतात, म्हणून रात्री गुडघ्यामागे आणि काखेत तपासा. त्यांच्यामुळे होणाऱ्या मेंदूज्वराच्या लसीबद्दल डॉक्टरांना आधीच विचारा, कारण तिचे डोस काही आठवड्यांच्या अंतराने घ्यावे लागतात.

आणि कृपा करून दिवसाला शंभर किलोमीटरचं गणित मांडू नका. पन्नास-साठ पुरे. हॉटेन्सलेबेनला सुमारे ३५० मीटरची मूळ सीमा जशीच्या तशी ठेवली आहे. घरांना जवळजवळ खेटून भिंत, मग मोकळा पट्टा, मग पुन्हा भिंत. ती चालत बघायला हवी. म्योडलारॉयट हे जेमतेम पन्नास वस्तीचं गाव, एका ओढ्यावरून दोन देशांत विभागलं गेलं आणि १९६६मध्ये मधोमध भिंत उभी राहिली. अशा ठिकाणांची संग्रहालयं बऱ्याचदा सोमवारी बंद असतात, तेव्हा तो दिवस लांबच्या टप्प्याला ठेवा.

परतीच्या रेल्वेचं आधी बघा. लोकल गाड्यांत बऱ्याच ठिकाणी सायकलचं वेगळं तिकीट लागतं, डॉइचलांड-टिकिटात (देशभरच्या लोकल गाड्या-बसच्या मासिक पासात) ते धरलेलं नसतं. लांब पल्ल्याच्या गाड्यांत सायकलची जागा आधी राखून ठेवावी लागते आणि उन्हाळ्यात त्या जागा लवकर भरतात.